जिद्दीचा गौरव आणि खर्चाचा हिशेब

वंचित घरातल्या मुलाच्या शिक्षणावर माहितीपट काढायचा म्हटले, की त्याची गोष्ट बहुतेक वेळा चित्रीकरणाआधीच ठरलेली असते. कुडाचे घर, परक्याच्या वावरात कापूस वेचणारी आई, मिणमिणत्या दिव्याखाली वाचणारा मुलगा, मग निकाल, पेढे, गावाने केलेला सत्कार आणि शेवटी शहरातल्या मोठ्या महाविद्यालयाच्या फाटकातून आत जाणारा तो मुलगा. पाहणाऱ्याचे डोळे पाणावतात. मुलाबद्दल आदर वाटतो आणि सोबत थोडे सुटल्यासारखेही वाटते. त्याने करून दाखवले, म्हणजे करता येते. ज्यांना जमले नाही त्यांच्यातच काही कमी असणार, हे कोणी बोलून दाखवत नाही. पण सभागृहातून बाहेर पडणारे बरेच जण हाच निष्कर्ष घेऊन घरी जातात.

त्या मुलाच्या जिद्दीबद्दल मला शंका नाही. दहा किलोमीटर सायकल मारून शाळेत जाणे, दोन वेळच्या डब्यावर परीक्षा देणे, घरात आधी कोणी न शिकलेले इंग्रजी स्वतःच्या बळावर शिकणे, हे सगळे खरे आहे आणि मोठे आहे. पण एका मुलाला पदवीपर्यंत पोचायला एवढी जिद्द का लागावी आणि शेजारच्या शहरातल्या दुसऱ्या मुलाला का लागू नये, हा प्रश्न माहितीपटाने टाळला, तर तो त्या मुलाचा गौरव करता करता त्याच्यावरच्या अन्यायाला झाकतो. वंचित विद्यार्थ्यांवरच्या माहितीपटाचा खरा विषय त्यांच्या शिक्षणाचा खर्च हा आहे. तो कोण करतो, केव्हा करतो आणि वेळेवर केला नाही तर काय होते, हे त्यात दिसले पाहिजे. या प्रश्नाचा इतिहास ज्या मातीत आहे, ती वर्धा जिल्ह्याची माती अशा चित्रीकरणासाठी महाराष्ट्रात सर्वांत योग्य आहे असे मला वाटते.

वर्ध्यात जमनालाल बजाज आणि कृष्णदास जाजू यांनी १९१४ मध्ये शिक्षा मंडळाची स्थापना केली. पुढे २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी याच गावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत आणि सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेले, असे ठराव तिथे झाले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्यांचा आराखडा केला. तीच नयी तालीम. आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात ती प्रत्यक्ष चालवून दाखवली, आणि त्याच परिसरात २००५ पासून आनंद निकेतन ही शाळा त्या विचाराचा धागा पुढे नेत आहे.

या परिषदेचा गौरव आपण नेहमी करतो. तिच्या मुळाशी असलेला पैशाचा पेच मात्र विसरतो. प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे नुकतीच आली होती. त्यांना दारूबंदी करायची होती, आणि शाळांसाठी लागणारा पैसा मोठ्या प्रमाणावर दारूवरच्या करातूनच येत होता. दारू बंद केली तर शाळा कशा चालवायच्या? गांधीजींचे उत्तर असे की, मुलांच्या हस्तोद्योगातून शिक्षकाचा पगार निघावा, शाळा स्वावलंबी व्हावी. प्रा. के. टी. शहा यांनी त्या परिषदेतच या कल्पनेवर आक्षेप घेतला. झाकीर हुसेन समितीनेही आपल्या अहवालात इशारा दिला, की कमाईवर भर देताना शिक्षणाचा हेतू मागे पडता कामा नये. ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यानपिढ्या फक्त हातानेच काम केले, त्यांच्या मुलांपुढे शाळेतही पुन्हा हातकामच का, हा सवाल दलित आणि शेतकरी समाजांतून उठला, आणि तो रास्त होता. नयी तालीमने श्रमाला प्रतिष्ठा दिली, पुस्तकी घोकंपट्टीला उत्तर दिले, हे मी मनापासून मानतो. तरीही गरिबाच्या शिक्षणाचा खर्च शेवटी गरिबाच्या मुलानेच उचलावा, ही अपेक्षा त्या योजनेत होती, हेही तेवढेच खरे आहे.

महात्मा फुल्यांनी हाच प्रश्न वर्ध्याच्या परिषदेच्या पंचावन्न वर्षे आधी, १८८२ मध्ये, हंटर आयोगासमोर दुसऱ्या बाजूने मांडला होता. सरकारचा महसूल येतो तो रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर, असे त्यांचे म्हणणे होते. आधी खेड्यातल्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. फुल्यांची ही तक्रार आणि वर्ध्याचा तो ठराव शेजारी शेजारी ठेवले, की आजच्या विद्यार्थ्याची अवस्था कळायला लागते.

आता त्या विद्यार्थ्याच्या मागे कॅमेरा घेऊन चालू. समजा ती मुलगी आहे, समुद्रपूर किंवा कारंजा तालुक्यातल्या एखाद्या लहान गावची. आईवडील रोजमजुरीवर. आठवीपर्यंत तिला कायद्याचे संरक्षण आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाची हमी देतो. पण ती चौदा वर्षांची होते तेव्हाच घराला तिच्या हातांची गरज वाढलेली असते आणि गावातली शाळा संपलेली असते. पुढची शाळा दुसऱ्या गावात, तिथे जायला एसटी. दिवाळीच्या आगेमागे कापूस फुटतो. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे घरातला प्रत्येक जादा हात म्हणजे जादा पैसा. आई वेचायला गेली तर धाकट्याला सांभाळायचे काम तिच्याकडे येते. शाळेच्या हजेरीपटावर याची नोंद फक्त ‘गैरहजर’ अशी होते. माहितीपटाने त्या शब्दामागचा दिवस दाखवला पाहिजे.

एसटीचा पास मुलींना मोफत आहे, ही शासनाची चांगली योजना आहे. पण पास मोफत असून गाडी नसेल तर काय होते, हे २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटी संपाने दाखवून दिले. कर्मचाऱ्यांच्या मागण्या त्यांच्या जागी होत्या. पण करोनाच्या टाळेबंदीनंतर शाळा नुकत्या उघडल्या होत्या आणि खेड्यातल्या मुलींची वाट पुन्हा बंद झाली. स्वतःच्या गाडीने मुलांना शाळेत सोडणाऱ्या घरांना त्याची झळ लागली नाही. गावातून सुटणारी सकाळची गाडी ही त्या मुलीसाठी शाळेचाच भाग आहे, आणि आपल्या शिक्षणचर्चेत तिला जागा नाही.

मुलगी पारधी बेड्यावरची असेल तर वाट आणखी कठीण. विदर्भात वर्धा, अमरावती, यवतमाळ या भागांत पारध्यांची वस्ती म्हणजे बेडा, गावाच्या कडेला. तिथल्या मुलाने जातीचा दाखला आणि पुढे जातवैधता प्रमाणपत्र काढायचे ठरवले, की त्याला अनुसूचित जमातीसाठीची तारीख सांगितली जाते, ६ सप्टेंबर १९५०. त्या आधीचा वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा आणा. ज्यांच्या आजोबांना गावाने पक्के घर बांधू दिले नाही, शाळेत घेतले नाही, ज्यांच्या नावे सातबारा नाही, त्यांनी १९५० आधीचा कागद कुठून आणायचा? १८७१ पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा देशपातळीवर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे ज्या तारखेचा पुरावा आपण मागतो, त्या तारखेला या देशात जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा अजून जिवंत होता. भटक्या विमुक्तांसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. बोगस दाखले रोखण्यासाठी पडताळणी हवी, यात वाद नाही. पण ज्या समाजाला राज्यानेच कागदापासून दूर ठेवले, त्याच्याकडे जुना कागद मागण्याआधी तो शोधून देण्याची जबाबदारी राज्याने घ्यायला हवी. तहसील कार्यालय, सेतू केंद्र, पडताळणी समिती, पुन्हा तहसील, या फेऱ्यांत एका मजूर बापाच्या किती दिवसांच्या मजुरीवर पाणी पडते, हे कॅमेऱ्याने मोजले तर शिक्षणाच्या खर्चाचा असा भाग समोर येईल, जो कोणत्याही अर्थसंकल्पात लिहिलेला नसतो.

हा खर्च काही माणसांनी स्वतःच्या अंगावर घेतला आहे. वर्ध्याजवळ रोठा येथे मंगेशी मून यांनी पारधी मुलांसाठी निवासी प्रकल्प उभा केला. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा काढली. ते स्वतः फासेपारधी, जिल्हा परिषदेची शिक्षकाची नोकरी सोडून आलेले. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी लोकांपुढे हात पसरले. पुढे त्या शाळेच्या काही बांधकामांवरून समृद्धी महामार्ग गेला. मुंबई आणि नागपूर यांच्यामधले अंतर कमी करणारा हा रस्ता वर्धा जिल्ह्यातूनही जातो. एका बाजूला हजारो कोटींचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला लोकवर्गणीतून उभी राहिलेली शाळा, जिला त्या रस्त्यासाठी जागा सोडावी लागली. राज्य कशावर खर्च करते, हा फुल्यांचा प्रश्न इथे डोळ्यांनी पाहता येतो. अशा शाळांवर माहितीपट करणारे बहुधा संस्थापकाच्या त्यागावर थांबतात. त्या त्यागाला मी नमस्कार करतो. पण नोकरी सोडलेल्या एका शिक्षकाने शेकडो मुलांच्या जेवणाची काळजी वाहावी, ही वेळ त्याच्यावर कोणी आणली, हे विचारल्याशिवाय तो नमस्कार अपुरा राहतो.

दहावी-बारावी पार करून मुलगी वर्ध्याला किंवा नागपूरला आली, की मग शिष्यवृत्तीचा प्रश्न येतो. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली १९४४ मध्ये, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना. स्वतंत्र भारताच्याही आधीची ही योजना आहे आणि तिच्या आधाराने कित्येक घरांतली पहिली पिढी पदवीधर झाली. २०१६-१७ पासून महाराष्ट्रात, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ती सुरू झाली तेव्हा मुंबई-पुणे-नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे दर ठरले. जुलै २०२४ मध्ये शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागास, आर्थिक दुर्बल आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गांच्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क पूर्ण माफ केले. कागदावर पाहिले तर महाराष्ट्राने पुष्कळ केले आहे.

पण मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला द्यावे लागतात आणि शिष्यवृत्ती वर्ष संपत आल्यावर जमा होते, कधी पुढच्या वर्षी. खोलीचा मालक महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरची ‘मंजूर’ ही नोंद पाहून भाडे सोडत नाही. मधल्या महिन्यांत घरून पैसे येतात ते सावकाराकडून, बचतगटाकडून किंवा शेळी विकून. म्हणजे राज्याने जो खर्च करायचा, तो आधी मजुराने कर्ज काढून करायचा आणि राज्याने मागाहून भरून द्यायचा. १९३७ मध्ये मुलाच्या सूतकताईतून शिक्षकाचा पगार काढायची कल्पना होती, आज आईच्या कर्जातून शासनाची उसनवारी चालते. या मधल्या महिन्यांतच मुले गळतात. आणि त्या गळतीला नाव दिले जाते ‘वैयक्तिक कारण’.

देशाच्या आकड्यांतही दरी दिसते. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातल्या नोंदणीचे प्रमाण शंभरी २८.४ होते. अनुसूचित जातींमध्ये ते २५.९ आणि अनुसूचित जमातींमध्ये २१.२. अंतर कमी होत आहे, ही समाधानाची गोष्ट. पण हे नोंदणीचे आकडे आहेत. प्रवेश घेऊन मधेच निघून गेलेली मुले त्यांत दिसत नाहीत. ती दाखवण्याचे काम आकड्यांपेक्षा चित्रपट जास्त चांगले करू शकतो.

असे चित्रपट जगात झाले आहेत. ब्रिटनमध्ये १९६४ साली सात वर्षांच्या चौदा मुलांवर ‘सेव्हन अप’ हा माहितीपट झाला. मायकेल ॲप्टेड दर सात वर्षांनी त्या मुलांकडे परत गेले, थेट २०१९ पर्यंत. कोणत्या घरातला मुलगा कोणत्या शाळेत गेला आणि पुढे कुठे पोचला, हे पाहताना जन्माचा वर्ग माणसाला किती लांबपर्यंत धरून ठेवतो, हे कुणी समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेत स्टीव्ह जेम्स यांच्या ‘हूप ड्रीम्स’ (१९९४) या माहितीपटाने शिकागोतल्या दोन कृष्णवर्णीय मुलांचा काही वर्षे पाठलाग केला. चित्रीकरण चालू असताना एकाच्या घरची वीज कापली गेली, तेव्हा निर्मात्यांनी ती पुन्हा सुरू करायला मदत केली. ज्याच्या अंधारावर आपण चित्र काढतो, त्याच्या अंधाराची थोडी जबाबदारी आपलीही आहे, एवढे त्यांनी मानले. आपल्याकडे कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीतल्या मुलांवरच्या ‘बॉर्न इनटू ब्रॉथेल्स’ला ऑस्कर मिळाले. मुलांच्या हाती कॅमेरे देण्याची त्यातली कल्पना सुंदर होती. पण त्यांच्या आया आणि तिथल्या स्त्रियांची संघटना यांना त्या चित्रात योग्य स्थान मिळाले नाही, अशी टीका ‘दुर्बार’ या त्याच संघटनेने केली. मुलाला वाचवणारा बाहेरचा माणूस मोठा होतो आणि त्याची आई गुन्हेगार ठरते, हा धोका बेड्यावर कॅमेरा नेणाऱ्याने कायम ध्यानात ठेवावा. मराठीत नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, तो कल्पित कथेचा. पण शाळेकडे पाहणारा तो मुलगा दयेचा विषय होत नाही, प्रेक्षकालाच प्रश्न विचारतो.

विदर्भाला कॅमेरे नवे नाहीत. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग इथे आले आणि शेतकरी आत्महत्यांच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले, त्यांत वर्धा होता. त्या काळात कित्येक घरांच्या ओट्यांवर कॅमेरे लागले आणि उठले. त्यांतून दीपा भाटिया यांचा पत्रकार पी. साईनाथ यांच्या कामावरचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९) वेगळा राहिला, कारण त्याने दुःख दाखवून प्रेक्षकाकडे बोट केले: तुम्ही कोणाच्या मेजवानीत बसला आहात? शिक्षणावरच्या माहितीपटानेही हे धाडस करायला हवे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. गावातली पहिली पदवीधर मुलगी पडद्यावर पाहून शेजारच्या गावातल्या दहा मुली शिकायला निघतात. प्रेरणेची किंमत कमी लेखू नये. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो अजून मुलींना बळ देतो. विदर्भातून निघालेले राजू केंद्रे आणि त्यांची ‘एकलव्य’ संस्था पहिल्या पिढीच्या मुलांना देशातल्या नामांकित विद्यापीठांपर्यंत नेते, त्यातही आधी गेलेल्या मुलांचे उदाहरण मोठे काम करते. पण मुक्ताच्या निबंधाकडे नीट पाहावे. तिने स्वतःच्या हुशारीची कहाणी सांगितली नाही. आपल्या समाजाला कोणी, कसे नागवले, हे नावानिशी विचारले. प्रेरणा अशीही असते, आणि ती जास्त टिकते. एकलव्यसारख्या कामातही मुलांना फक्त ‘तू करू शकतोस’ असे सांगितले जात नाही. अर्ज कसा भरायचा, कोणती शिष्यवृत्ती कुठे आहे, पहिल्या सत्राचा खर्च कसा भागवायचा, हे शिकवले जाते. व्यवस्थेची माहिती ही पुष्कळ घरांत वारशाने मिळते. ज्यांना ती मिळाली नाही त्यांना ती देणे, हेच खरे प्रोत्साहन.

म्हणून वर्धा जिल्ह्यात कोणी असा माहितीपट करणार असेल, तर त्याने एका यशस्वी मुलाऐवजी नववीचा एक अख्खा वर्ग निवडावा आणि निदान पाच वर्षे त्याच्याकडे परत परत जावे. कोण बारावीला पोचले, कोण सुरतेला कामाला गेले, कोणाचे लग्न लागले, हे सगळे त्यात यावे. मेसचा हिशेब, बसचे वेळापत्रक, दाखल्यांसाठी घातलेले दिवस, शिष्यवृत्ती जमा झाल्याची तारीख, हे पडद्यावर लिहून दाखवावे. मुलांच्या आईवडिलांना बोलू द्यावे. कॅमेरा थोडा काळ मुलांच्याच हाती द्यावा आणि शेवटचा कट त्यांना दाखवल्याशिवाय बाहेर नेऊ नये. पहिला खेळ महोत्सवात न करता ज्या वसतिगृहात चित्रीकरण झाले तिथे करावा, आणि समाजकल्याण व आदिवासी विकास विभागांच्या अधिकाऱ्यांना त्यासाठी बोलवावे.

शासनाकडे मागणी एकच, आणि ती अवघड नाही. वसतिगृहाचा आणि जेवणाचा निर्वाह भत्ता प्रवेशाच्या महिन्यातच मिळावा. पडताळणी मागाहून व्हावी. पैसा मंजूर आहेच, तो फक्त दहा महिने आधी द्यायचा आहे.

आणि वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी एखाद्या गरीब मुलाच्या यशाचा माहितीपट पाहाल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवा. त्यानंतर दिग्दर्शकाला दोन प्रश्न विचारा: याच्या वर्गातली बाकीची मुले आज कुठे आहेत, आणि याच्या शिक्षणाचा खर्च कोणी, केव्हा केला? या प्रश्नांची उत्तरे ज्या माहितीपटात नाहीत, त्याने मुलाची गोष्ट अर्धीच सांगितली आहे, असे समजा.